तांब्याचा ठोकळा आणि नऊ ग्रॅमचा फरक: एका प्रयोगपेटीचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत नातीसाठी रसायनशास्त्राची प्रयोगपेटी ऑनलाइन मागवली. किंमत २,३५० रुपये, घरपोच. नात नववीत आहे. सहामाहीत ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यावर तिचे मार्क गेले, आणि ‘आबा, हे सगळं नुसतं पाठच करायचं का?’ असं तिनं विचारल्यावर मला राहवलं नाही. मी ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक होतो. प्रॅक्टिकलच्या आधी टेबलं लावायची, ब्युरेट धुवायच्या, द्रावणं करून ठेवायची, आणि पोरांचं उत्तर चुकलं की ते नेमकं कुठल्या टप्प्यावर चुकलं ते शोधायला हात लावायचा, हे माझं काम. त्यामुळे पेटी आली त्या संध्याकाळी नातीइतकाच मीही ती उघडायला आतुर होतो. गेला महिनाभर आम्ही दोघं आणि शेजारच्या इमारतीतली तीन मुलं ती वापरतोय. घेऊ का नको असं बऱ्याच पालकांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आत काय आहे ते आधी सांगतो. ५०० ग्रॅमपर्यंत वजन करणारा इलेक्ट्रॉनिक काटा, प्लॅस्टिकची दोन मोजपात्रं (१०० मिली आणि १० मिली), २५० मिलीचं चंचुपात्र (बीकर), लाल द्रवाचा थर्मामीटर, दोन ड्रॉपर, चार धातूंचे २ सेंटिमीटर बाजूचे ठोकळे, अणूची जोडायची प्रतिकृती आणि पहिल्या २० मूलद्रव्यांची कार्डं. माहितीपुस्तिका हिंदी आणि इंग्रजीत आहे, मराठीत नाही. मराठी माध्यमाच्या मुलाला वस्तुमान, आकारमान, घनता हे शब्द त्यात सापडत नाहीत, आणि शेजारी कोणी समजावणारं नसेल तर पुस्तिका तशीच पडून राहणार.

पेटीतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे काटा. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे काचेच्या पेटीतले दोन पारड्यांचे तराजू होते. वजनं चिमट्यानं उचलायची, बोट लावलं की सर ओरडायचे, कारण बोटाचा घाम वजनाला चिकटतो. एका वजनाला दहा मिनिटं सहज जायची. हा काटा दोन सेकंदांत ०.०१ ग्रॅमपर्यंत आकडा देतो. आता तो आकडा खरा कशावरून? त्याला वेगळं वजन विकत आणायची गरज नाही. २०११ साली सुरू झालेल्या, ₹ चिन्ह असलेल्या मालिकेतल्या पाच रुपयांच्या नाण्याचं ठरलेलं वजन ६ ग्रॅम आहे, दोन रुपयांचं ४.८५ आणि एक रुपयाचं ३.७९. आम्ही त्यातली पाच रुपयांची दहा नाणी एकदम ठेवली. काट्यानं ५९.८७ ग्रॅम दाखवलं. हातोहात फिरलेल्या नाण्यांसाठी हे फार चांगलं आहे. नंतर तीच दहा नाणी पारड्याच्या चारही कडांना सरकवून पाहिली, फरक ०.०२ च्या पुढे गेला नाही. या किमतीत एवढं मिळतं याचं मला खरंच समाधान वाटलं.

काट्याचा एक दोष मात्र प्रयोगाच्या मधोमध आडवा येतो. एक मिनिट हात लागला नाही की तो आपोआप बंद होतो, आणि परत चालू केल्यावर आधी शून्य करून ठेवलेलं भांडं विसरलेला असतो. पहिल्या दिवशी मुलं पाणी ओतत बसली आणि आकडाच गेला. त्यावर उपाय जुनाच आहे. शून्य करायच्या बटणावर विसंबायचं नाही. रिकाम्या भांड्याचं वजन आधी वहीत लिहायचं, भरलेल्याचं त्याखाली लिहायचं, आणि वजाबाकी हातानं करायची. आणि पंखा बंद. पंख्याखाली शेवटचे दोन आकडे सतत नाचतात, मुलांना वाटतं काटा बिघडलाय.

मोजपात्रांबद्दल माझं मत इतकं चांगलं नाही. लॅबमध्ये आम्ही त्याला सिलिंडरच म्हणायचो, आणि वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला एकच गोष्ट घोकून घ्यायचो: सिलिंडर सपाट टेबलावर ठेव, खाली वाक, डोळा पाण्याच्या पातळीला आण, आणि वक्राचा तळ वाच. काचेला पाणी चिकटतं म्हणून कडेनं ते वर चढतं आणि मधे खळगा पडतो. पेटीतली पात्रं ज्या प्लॅस्टिकची आहेत त्याला पाणी धड चिकटतच नाही, त्यामुळे पातळी जवळजवळ सपाट दिसते. पुस्तिकेत चित्र मात्र छान खळग्याचं आहे. नात पाच मिनिटं वाकून खळगा शोधत होती आणि शेवटी म्हणाली, ‘आबा, मला दिसतच नाहीये, माझंच काहीतरी चुकतंय.’ तिचं काही चुकत नव्हतं. सपाट पातळी वाचायला उलट सोपी, पण परीक्षेत आणि पुढे अकरावीच्या लॅबमध्ये काच येणार आहे, आणि तिथे लागणारी सवय या पात्रावर होत नाही. मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानातून काचेचं १०० मिलीचं एक आणलं. दोन्ही शेजारी ठेवून त्यात पाणी भरलं तेव्हा चारही मुलांना एका नजरेत कळलं.

मापाचा खरेपणा काट्यावरच तपासता येतो. कोरडं पात्र आधी तोललं, १०० च्या रेघेपर्यंत पाणी भरून पुन्हा तोललं. पाणी २६ अंशांचं होतं. त्या तापमानाला १०० मिली पाण्याचं वजन ९९.७ ग्रॅम भरायला हवं, कारण मिलीला बरोबर एक ग्रॅम हा हिशेब ४ अंशांचा आहे. प्लॅस्टिकच्या पात्रात ९९.१ ग्रॅम भरलं. म्हणजे १०० मिलीमागे अर्ध्या मिलीपेक्षा थोडं जास्त कमी. शाळेच्या कामाला चालेल.

आता ठोकळ्यांकडे येतो, कारण ही पेटी लोक मुख्यतः घनतेसाठी, म्हणजे एका घन सेंटिमीटरचं वजन किती ग्रॅम ते काढण्यासाठी, घेतात. पुस्तिकेत कृती अशी: मोजपात्रात ५० मिली पाणी घ्या, ठोकळा दोऱ्यानं सोडा, पातळी किती वाढली ते वाचा, वजनाला त्यानं भागा. कृती बरोबर आहे. पण ठोकळा पात्रात जातच नाही! २ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण २.८ सेंटिमीटरच्या वर जातो आणि १०० मिलीच्या पात्राचं तोंड आतून जेमतेम २.७ सेंटिमीटर आहे. एकाच पेटीत घातलेल्या दोन वस्तू बनवणाऱ्यानं एकदाही एकमेकांत घालून पाहिल्या नाहीत, याचं मला वाईट वाटलं. मुलं खटपट करतात, ठोकळा तोंडाशी अडकतो, आणि मग ‘प्रयोग येत नाही’ म्हणून पेटी माळ्यावर जाते.

यावर एक तोड आहे, आणि ती पुस्तिकेतल्या कृतीपेक्षा कितीतरी अचूक आहे, म्हणून नीट सांगतो. चंचुपात्रात साधारण १५० मिली पाणी घेऊन ते काट्यावर ठेवा. आकडा लिहा. आमचा होता १८७.४२. आता ठोकळा शिवणाच्या दोऱ्यानं बांधा आणि हातात धरून पाण्यात पूर्ण बुडेल असा सोडा, पण तळाला आणि काठाला टेकू देऊ नका. ठोकळ्याचा भार दोऱ्यावर आहे, तरी काट्याचा आकडा वाढतो. आमचा झाला १९५.३६. फरक ७.९४ ग्रॅम. पाणी ठोकळ्याला जेवढ्या जोरानं वर ढकलतं तेवढ्याच जोरानं ठोकळा पाण्याला खाली दाबतो, आणि तो जोर ठोकळ्यानं बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका असतो, हे आर्किमिडीजचं तत्त्व. ७.९४ ग्रॅम पाणी म्हणजे जवळजवळ ७.९४ घन सेंटिमीटर जागा. पातळी वाचायची भानगडच नाही. हात कापत असेल तर दोरा आडव्या पट्टीला बांधा आणि पट्टी पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांवर ठेवा. शेजारच्या मुलानं दोरा मोरीतल्या नळाला बांधून सगळा काटाच त्याखाली नेला, तेही चाललं, पण नळ गळत नसेल तरच.

अॅल्युमिनियमचा ठोकळा २१.४७ ग्रॅमचा, पाणी ७.९५, घनता २.७०. पुस्तकातही २.७०. नातीनं टाळी वाजवली. पितळ ६७.४१ भागिले ७.९४, म्हणजे ८.४९. पितळात तांबं आणि जस्त किती कमी-जास्त आहे त्यावर ही घनता ८.४ ते ८.७ च्या दरम्यान फिरते, तेव्हा हेही ठीक. लोखंड ७.८५.

मग तांबं. लालसर, चकचकीत, चारांत सगळ्यात देखणा ठोकळा. वजन ६२.३६ ग्रॅम, सारलेलं पाणी ७.९४, भागाकार ७.८५. तांब्याची घनता ८.९६. या आकाराचा तांब्याचा ठोकळा ७१ ग्रॅमच्या पुढे भरायला हवा. नऊ ग्रॅम गेले कुठे?

मुलांनी काय करावं? एकानं खोडरबर काढलं आणि ७.८५ पुसून तिथे ८.९६ लिहायला घेतलं. मी ३१ वर्षं हेच पाहत आलो. उत्तर ठाऊक असतं, आकडा जुळत नसतो, आणि व्हायव्हा (तोंडी परीक्षा) जवळ आलेली असते. मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, पुन्हा तोल, पुन्हा बुडव. तीनदा केलं. दुसऱ्यांदा ६२.३६ आणि ७.९५, तिसऱ्यांदा ६२.३५ आणि ७.९४. बुडबुडा चिकटलाय का तेही बघितलं, कारण बुडबुड्यानं आकारमान उगाच वाढतं. बुडबुडा नव्हता. तेवढ्यात नातीचं लक्ष वहीतल्या वरच्या ओळीकडे गेलं. लोखंडाचा ठोकळा ६२.२९ ग्रॅमचा होता. दोघांत सात सेंटिग्रॅमचाही धड फरक नव्हता! ती धावत स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजवरचं चुंबक घेऊन आली. तांब्याचा ठोकळा चुंबकाला टच्चकन चिकटला.

आम्ही पुण्यात कसब्यात, तांबट आळीच्या जवळ राहतो. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा जन्मभर तांब्याच्या भांड्यांचं मठारकाम, म्हणजे हातोडीनं ठोकण्याचं काम, करत आले. मुलं ठोकळा त्यांच्याकडे घेऊन गेली. त्यांनी तो तळहातावर दोनदा झेलला आणि म्हणाले, ‘हलका आहे रे.’ मग कानशीनं एक कोपरा घासला. लाल पापुद्र्याखाली करडा, पांढरट धातू निघाला. ‘मुलामा आहे. आत लोखंड.’ नऊ ग्रॅम काट्यावर शोधायला आम्हाला पाऊण तास लागला होता, त्यांच्या हाताला ते लगेच जाणवले. मुलांनी मग त्यांना घनता म्हणजे काय ते समजावलं आणि आजोबांनी फार लक्ष देऊन ऐकलं.

विक्रेत्याकडे तक्रार केली. फोटो मागितले, पाठवले. आठ दिवसांनी बदली ठोकळा आला. तोही चुंबकाला चिकटला. यावर माझं स्पष्ट मत असं: मुलाच्या हातात मोजायला दिलेली वस्तू खोटी असणं हा लहान दोष नाही. ज्या घरात काटा नीट वापरला जाईल तिथे हे उघडं पडेल, पण बहुतेक घरांत मूल स्वतःलाच चूक मानेल आणि खोडरबर काढेल. विकणाऱ्यानं ‘तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड’ एवढं छापलं असतं तरी माझी काही तक्रार नव्हती. उलट असा एक ठोकळा मुद्दाम ओळखायला ठेवावा, पण सांगून.

थर्मामीटर ठीक आहे. बर्फाच्या पाण्यात शून्यावर आला. उकळत्या पाण्यात ९८ वर थांबला आणि मुलांनी लगेच त्याला चुकीचा ठरवला. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. बिचारा थर्मामीटर बरोबर होता.

राहिली अणूची प्रतिकृती. लाल मणी प्रोटॉन, निळे न्यूट्रॉन, पांढरे इलेक्ट्रॉन, आणि के, एल, एम कवचांसाठी तारेची वर्तुळं. आठवीतल्या ‘अणूचे अंतरंग’ची उजळणी करायला, कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन बसतात हे बोटांनी मोजायला ती उपयोगी आहे. लहान भावंडांनाही आवडते. पण तिच्यात मापाबद्दल एक शब्द नाही, आणि ही पेटी मापांची आहे. कार्बनचं केंद्रक जोडलं तर ते सुमारे ३ सेंटिमीटरचं होतं आणि बाहेरचं वर्तुळ हातभरसुद्धा नाही. खऱ्या कार्बनमध्ये अणू त्याच्या केंद्रकाच्या जवळजवळ ३०,००० पट मोठा असतो. म्हणजे ३ सेंटिमीटरचं केंद्रक आमच्या टेबलावर ठेवलं तर बाहेरचे इलेक्ट्रॉन चार-साडेचारशे मीटरवर, आमच्या घरापासून शनिवारवाड्याच्या आसपास, आणि मधे काहीच नाही. मी मुलांना तिथपर्यंत चालत नेलं. परत आल्यावर रुदरफोर्डची १९११ सालची गोष्ट सांगितली. सोन्याच्या पातळ पत्र्यावर सोडलेले बहुतेक अल्फा कण (धनभाराचे अतिसूक्ष्म कण) सरळ आरपार का गेले आणि अगदी थोडे मागे का उलटले, ते त्यांनीच मला सांगितलं.

कार्डांत एक चूक आहे, ती घेणाऱ्यानं दुरुस्त करावी. क्लोरीनच्या कार्डावर प्रोटॉन १७ आणि न्यूट्रॉन १८.५ छापलंय. अर्धा मणी कुठून आणायचा, असं सगळ्यात धाकट्यानं विचारलं आणि प्रश्न अगदी रास्त होता. अर्धा न्यूट्रॉन नसतो. निसर्गातल्या क्लोरीनच्या दर चार अणूंतल्या साधारण तिघांत १८ न्यूट्रॉन असतात आणि एकात २०. त्यांची सरासरी काढली की अणुवस्तुमान ३५.५ च्या जवळ येतं. छापणाऱ्यानं त्या सरासरीतून सरळ १७ वजा केले. आम्ही चार कार्डं नव्यानं केली, तिघांवर १८ आणि एकावर २०.

त्याच गठ्ठ्यात १८ व्या क्रमांकाचं अरगॉनचं कार्ड आहे, आणि त्यावर एक ओळही नसावी याची मला रुखरुख लागली. कारण अरगॉन सापडला तोच मुळी घनता मोजताना. लॉर्ड रॅलेनं हवेतून काढलेला नायट्रोजन तोलला, तो लिटरला १.२५७ ग्रॅम भरला. रासायनिक पदार्थांपासून केलेला नायट्रोजन भरला १.२५१. फरक अर्धा टक्का, त्यांच्याकडच्या काचेच्या गोळ्यात मोजायचा, तोही वायूचा! त्यांनी तो पुसला नाही. पुन्हापुन्हा तोलला, जाहीर केला, आणि १८९४ साली रॅमसेसोबत त्यांना हवेत दडलेलं नवं मूलद्रव्य सापडलं. १९०४ साली दोघांनाही नोबेल मिळालं, रॅलेला भौतिकशास्त्राचं आणि रॅमसेला रसायनशास्त्राचं. मी हे सांगत असताना खोडरबरवाला मुलगा आपल्या वहीतल्या ७.८५ कडे बघत होता.

तर घ्यावी का? पूर्ण पेटी याच किमतीला मी पुन्हा घेणार नाही. नुसता असाच काटा वेगळा मिळतो, काचेचं मोजपात्र दुकानात हातात धरून बघून घेता येतं, आणि चंचुपात्राच्या जागी घरातलं कुठलंही रुंद, हलकं भांडं चालतं, फक्त पाण्यासकट ५०० ग्रॅमच्या आत राहिलं पाहिजे. ठोकळ्यांऐवजी पितळी वजनं, स्टीलचा नट, तांब्याच्या तारेचं भेंडोळं घ्या. भेंडोळं मोजपात्रात सहज जातं. अणूची प्रतिकृती साबुदाण्यात आणि वाटाण्यात होते. पण ज्यांना एका जागी सगळं हवं आहे आणि जे मुलांबरोबर स्वतः बसणार आहेत, त्यांनी घेतली तर पैसे अगदीच वाया जाणार नाहीत. पेटी आली की पहिल्यांदा चुंबक फिरवा.

काट्यात पेन्सिल सेलच लागतात, ही एक सोय बरी आहे. महिनाभराच्या वापरात ते अजून उतरलेले नाहीत. आता थंडी वाढतेय आणि खोबरेल गोठायला लागलंय. गोठलेलं खोबरेल पातळ खोबरेलात बुडतं आणि बर्फ मात्र पाण्यावर तरंगतो, हे मुलांनी परवा बघितलं. रविवारी सकाळी, ऊन यायच्या आत, दोन्ही खोबरेलांची घनता काढायची ठरलीय. खालच्या मजल्यावरचे आजोबाही येणार आहेत.